छोट्या वर्कशॉपमध्ये कामगारांकडे अधिकार कसे सोपवायचे : नवीन मालकांसाठी पायऱ्या

तुमचं दहा ते चाळीस माणसांचं मशीन शॉप, फॅब्रिकेशन शॉप किंवा छोटी फाउंड्री असेल, मग ते भोसरी-चाकणला असो, शिरोली-गोकुळ शिरगावला असो नाहीतर वाळूजला, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. खास करून ज्यांनी नुकताच वडिलांकडून धंदा हातात घेतलाय किंवा नोकरी सोडून दोन मशीन टाकल्यात त्यांच्यासाठी. मी सीएनसी जॉबवर्कमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणं) आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, तुम्ही तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या.

आपल्याकडे ह्या विषयावर ट्रेनिंगं भरपूर होतात. हॉटेलचा हॉल, चहा-बिस्कीट, प्रोजेक्टर, आणि शेवटी कोणीतरी सांगतं की तुम्ही सगळे ह्या कंपनीचे मालकच आहात. लोक टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एक इन्सर्ट (मशीनवर धातू कापणारी, बदलायची छोटी पात) लागला तरी शेठला फोन येतो आणि शेठ बँकेत बसलेले असल्यामुळे मशीन पाऊण तास उभं राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की अधिकार भाषणातून मिळत नाही, तो कागदावर लिहून द्यावा लागतो, कोणाला, कशाचा आणि किती रुपयांपर्यंत. आणि जे शॉप मालक नसताना दोन दिवस नीट चालत नाही ते पुढची वीस वर्षं टिकेल ह्याची खात्री मला तरी वाटत नाही, मशीन कितीही नवीन असू द्या.

आधी हे जमवून ठेवा

- मोठा व्हाइटबोर्ड आणि मार्कर. सॉफ्टवेअर, ॲप वगैरे आत्ता अजिबात नको.
- दोन जाड रजिस्टर, एक "मशीन का थांबवलं" साठी आणि एक सूचनांसाठी
- लाल रंगाचे बिन, झाकण आणि कुलूप लागेल असे
- मागच्या वर्षाची पगारपत्रकं, पीएफची चलानं, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कागद
- प्रत्येकाचं नेमणूक पत्र (नसेल तर पायरी १ बघा)
- उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सर्टिफिकेट
- मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं
- रिजेक्शनच्या नोंदी आणि कस्टमरकडून आलेल्या तक्रारी, जशा असतील तशा
- कुलंट (कापताना टूलवर सोडायचं तेलमिश्रित पाणी) तपासायचं रिफ्रॅक्टोमीटर, स्वस्तात मिळतं

१. पगाराचा हिशोब सरळ करा, त्याच्याआधी काहीच नको

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळे हीच उडी मारून पुढे जातात. ज्या माणसाचा पगार सात तारखेच्या ऐवजी पंधराला होतो, ज्याला ओटीचे (जादा वेळेचे) पैसे सिंगल रेटने मिळतात, त्याला तुम्ही "जबाबदारी घे" म्हणालात तर तो मनात काय म्हणत असेल हे सांगायची गरज नाही.

तर आधी हे बघा. १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागतो, पगाराची मर्यादा महिना २१,००० आणि वाटा मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. २० किंवा जास्त झाली की पीएफ, दोन्हीकडून १२-१२ टक्के. ओटी दुप्पट दराने, ह्यात चर्चा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूक पत्र द्यायचंच आहे, त्यामुळे हेल्परपासून सेटरपर्यंत (मशीनचं सेटिंग करणारा) सगळ्यांची पत्रं तयार करून घ्या आणि पगाराच्या रचनेत काय बदल करायचे ते तुमच्या पीएफ कन्सल्टंटसोबत बसून एकदा बघून घ्या.

पगाराची स्लिप द्या आणि ती मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा. पीएफ म्हणून पैसे कापले जातात पण ते जातात कुठे हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत दोघा-तिघांच्या मोबाइलवर पासबुक उघडून दाखवा, बाकीचे आपोआप येऊन उभे राहतील.

इथला सापळा म्हणजे ठेकेदाराची माणसं. ठेकेदार दर सहा-सात महिन्यांनी माणूस बदलत असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही वाळूवर लिहिताय असं समजा. महत्त्वाच्या मशीनवरची माणसं तरी स्वतःच्या रोलवर घ्या, खर्च थोडा वाढतो पण दर वेळी नवीन पोराला शिकवण्यात जो माल खराब होतो तो कोणी मोजत नाही म्हणून हा खर्च जास्त वाटतो.

२. एक आठवडा फक्त लिहा, तुम्हाला काय काय विचारलं जातं

खिशात छोटी वही ठेवा. फोन आला, कोणी केबिनमध्ये आलं, कोणी मशीनवरून हाक मारली, की प्रश्न लिहायचा. उत्तर देऊन टाका, आत्ता काही बदलायला जाऊ नका.

आठवड्याने वही वाचली की हसू येतं. साधारण असले प्रश्न निघतात: "शेठ, डब्ल्यूएनएमजी इन्सर्ट संपला, एक बॉक्स मागवू का?" "हा जॉब जरा अंडरसाइज आलाय, रिवर्क करू का बाजूला ठेवू?" "टेम्पोवाला थांबलाय, अर्धा लॉट पाठवू का?" "दिनेशला उद्या गावी जायचंय, सुट्टी देऊ?" "कंप्रेसरचं तेल बदलू का?" ह्यातले बहुतेक निर्णय विचारणाऱ्यालाच तुमच्यापेक्षा चांगले घेता येतात कारण तो मशीनसमोर उभा आहे आणि तुम्ही नाशिक फाट्यावर ट्रॅफिकमध्ये.

प्रश्नांचे तीन गट करा. पैशाचे, मालाच्या क्वालिटीचे आणि माणसांचे. मग पुढची पायरी.

३. अधिकाराचा तक्ता बनवा आणि भिंतीवर लावा

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, इथे वेळ घालवा. एका मोठ्या कागदावर डावीकडे निर्णय, उजवीकडे कोण घेणार, आणि मर्यादा. माझ्या पद्धतीच्या शॉपला साधारण असा होतो, तुमचे आकडे वेगळे असतील:

- इन्सर्टचा कोपरा फिरवणं, इन्सर्ट बदलणं: ऑपरेटर, कोणाला विचारायचं नाही
- वेअर ऑफसेट देणं (टूल झिजलं की मशीनला मापातली बारीक दुरुस्ती सांगणं): ऑपरेटर, ठरवलेल्या मर्यादेत, त्याच्यापुढे सेटर
- फर्स्ट पीस (सेटिंगनंतरचा पहिला नग) पास करणं: ज्याला गेज वापरता येतं असा कोणीही, पण ज्याने सेटिंग केलं तो सोडून दुसरा
- टूल, हातमोजे, कापडी चिंध्या, ऑइल वगैरे खरेदी: सेटर २,००० पर्यंत, सुपरवायझर ५,००० पर्यंत, बिल त्याच दिवशी ऑफिसमध्ये
- एक दिवसाची सुट्टी, पाळी बदलणं: सुपरवायझर, पण बदली माणूस आधी ठरवून
- अर्धा लॉट डिस्पॅच करणं: क्वालिटी आणि डिस्पॅच दोघं मिळून, कस्टमरला आधी फोन
- इजा, शॉर्ट सर्किट, गळती: समोर जो असेल तो मेन स्विच बंद करणार, मग सांगणार

हिंदीतपण लिहा. बिहार, यूपी, ओडिशाची पोरं आहेत तशी बीड-लातूर-नांदेडची पण आहेत, आणि वाचता न येणारा एखादा हेल्पर मामा पण असतो, त्याच्यासाठी फोटो चिकटवा. इंग्रजीत छापलेला लॅमिनेटेड तक्ता फक्त ऑडिटवाले वाचतात.

आता सापळे. पहिला, मर्यादा इतकी कमी ठेवू नका की तिचा उपयोगच होणार नाही. ५०० रुपयांत आज फारसं काही येत नाही. दुसरा, कोणी मर्यादेत राहून निर्णय घेतला आणि तो तुम्हाला पटला नाही तर सगळ्यांसमोर तो उलटवू नका, संध्याकाळी बाजूला घेऊन बोला, आणि खरंच चूक असेल तर तक्ता बदला. तिसरा सापळा घरातला आहे. बऱ्याच शॉपमध्ये वडील रोज एक फेरी मारतात, त्यांना सगळे मोठे शेठ म्हणतात, आणि ते जाता जाता ऑपरेटरला सांगतात "हे बाजूला ठेव, आधी तो दुसरा जॉब लाव." झालं, तक्ता गेला. त्यांना तक्ता करतानाच बसवा, त्यांच्या हाताने सही घ्या. ज्यांनी एक लेथ घेऊन धंदा उभा केला त्यांना न विचारता असला कागद भिंतीवर लावणं बरोबर पण नाही आणि चालणार पण नाही. हिशोब घरच्या वहिनी किंवा ताई बघत असतील तर खरेदीची मर्यादा त्यांच्याशी बोलूनच ठरवा, नाहीतर सेटरने आणलेलं बिल ऑफिसच्या खिडकीतूनच परत येईल.

४. मशीन थांबवायचा हक्क

जपानच्या साकिची टोयोडाचे यंत्रमाग होते, त्यातला १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. पुढे टोयोटाच्या गाड्यांच्या लाइनवर हेच माणसाच्या हातात दिलं, दोरी ओढली की मदत येते आणि गरज पडली तर लाइन थांबते. इचलकरंजी-मालेगावच्या लोकांना मागाचं उदाहरण जास्त सांगायला नको.

आपल्याकडे अडचण दोरीची नसून भीतीची आहे. माल खराब निघाला हे सांगितलं तर पैसे कापतील, म्हणून खराब पीस धातूच्या चिप्सच्या ढिगात जातो किंवा चांगल्या मालात मिसळून कस्टमरकडे जातो. म्हणून रिजेक्शनचे पैसे पगारातून कापायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा. मनमानी कपात कायद्यातही बसत नाही ते वेगळंच, पण खरं नुकसान हे की तुम्हाला खराब माल दिसायचाच बंद होतो.

करायचं असं: ओळीने दोन पीस मापाबाहेर गेले, आवाज बदलला, गेज शंका देतोय, ह्यातलं काही झालं की ऑपरेटरने मशीन थांबवायचं, रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहायचं, सेटरला हाक मारायची. संशयित माल लाल बिनमध्ये, चावी क्वालिटीवाल्याकडे. सेटरने येऊन पहिला प्रश्न "काय दिसलं?" असा विचारायचा.

हे कसं होतं ते सांगतो. आमच्याकडे रात्रपाळीला एक नवीन पोरगा, बुश टर्न करत होता. त्याने मशीन थांबवलं, कारण काय लिहिलं तर "बरी निळी येतेय". बरी म्हणजे कापताना निघणारी धातूची चिप. बाकी माप सगळं बरोबर होतं. सेटर मामा जरा वैतागूनच आले.

"माप ओके आहे ना रे, मग कशाला थांबवलं?"

"मामा, मघाशी बरी सोनेरी येत होती, आता निळी येतेय आणि लांब येतेय."

मामांनी इन्सर्ट काढून लाइटखाली धरला, नाकावर बारीक खपली उडालेली होती. अजून थोड्या पीसनंतर माप गेलंच असतं. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून सगळ्यांना तो इन्सर्ट दाखवला, आणि त्यानंतर पोरं बरीकडे बघायला लागली. मी ह्यात काहीच केलेलं नव्हतं, मी तेव्हा झोपलो होतो.

सापळा: कोणी विनाकारण थांबवलं तरी रागावू नका. दहा वेळा थांबवलं आणि त्यातली चार कारणं फुसकी निघाली तरी तुम्ही फायद्यात आहात. एकदा जरी "एवढ्यासाठी थांबवलंस?" असं ओरडलात की पुढचे कित्येक महिने रजिस्टर कोरं राहणार.

५. सकाळची दहा मिनिटं

पाळी सुरू होताना बोर्डसमोर उभं राहून. बसायचं नाही, बसलं की अर्धा तास जातो. चार गोष्टी: काल किती माल निघाला, किती खराब गेला आणि का, कोणाला काही लागलं-खुपलं का, आज काय पाठवायचंय. बोर्डवर लिहिणारा रोज वेगळा. तुम्ही मागे उभे राहा आणि शक्यतो बोलू नका, हे दिसायला सोपं आहे पण मालकाला दहा मिनिटं गप्प राहणं किती जड जातं ते करून बघा.

पहिले दोन आठवडे कोणी बोलणार नाही, सगळे बुटांकडे बघत उभे राहतील. चालू द्या. सेफ्टीपासून सुरू केलं तर लोक लवकर बोलतात, कारण प्रेसचा गार्ड काढून ठेवलाय किंवा ग्राइंडरची केबल उघडी आहे हे प्रत्येकाला रोज दिसत असतं. आणि सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी दुरुस्त करा. केबल बदलायला आठवडा लावलात तर मीटिंग संपली समजा.

६. कोणाला काय येतं ते मांडा

एका बाजूला नावं, वर मशीन आणि कामं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे माहिती आहे, दोन म्हणजे कोणी सोबत असताना करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हा चार्ट बऱ्याच शॉपमध्ये भिंतीवर असतोच, पण तो कस्टमरच्या ऑडिटच्या आदल्या रात्री सुपरवायझरने एकट्याने बसून भरलेला असतो आणि त्यात नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं पण नाव असतं.

खरा भरायचा तर ऑपरेटरला स्वतःचं वर्तुळ स्वतः भरू द्या, मग सेटरने मशीनवर बघून पक्कं करायचं. लगेच दिसेल की एखादं काम असं आहे जे फक्त एकाच माणसाला येतं. तो आषाढीला वारीला गेला की ते काम बंद. तिथून शिकवायला सुरुवात करा, आठवड्यातून दोन तास, कामाच्या वेळात, पगारी.

जुने सेटर शिकवायला कचरतात आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. हातातली विद्या हीच त्यांची नोकरीची हमी असते. त्यांना तोंडी भरवसा देऊन उपयोग नाही, चौथा भाग भरला म्हणजे शिकवण्याचा वेगळा भत्ता, दरमहा, पगार स्लिपवर दिसेल असा. मग मामा आपणहून पोराच्या पाठीमागे लागतील.

नवीन पोरं हवी असतील तर आयटीआयमधून ॲप्रेंटिस घ्या. ३० किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं कायद्याने लागतंच, ४ ते २९ असतील तर तुमची मर्जी. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिना १,५०० पर्यंतचा वाटा सरकार देतं. फक्त त्याला वर्षभर डिबरिंगला (पार्टच्या कडा घासायला) बसवून ठेवू नका.

७. सुपरवायझरचं काय करायचं

अवघड पायरी. खालच्या लोकांना अधिकार मिळाले की सुपरवायझरला वाटतं आपलं गेलं. कालपर्यंत सुट्टी त्याच्या मर्जीने, ओटी त्याच्या मर्जीने, आता तक्ता आला. तो उघड विरोध करणार नाही, फक्त "बरं साहेब" म्हणेल आणि जुनंच चालू ठेवेल.

त्याच्याशी सगळ्यात आधी आणि एकट्याशी बोला. त्याला आजपर्यंत जे मिळत नव्हतं असं काहीतरी खरं काम द्या: कोटेशनसाठी सायकल टाइम काढणं, नवीन जॉबचं फिक्श्चर, कस्टमरकडे तुमच्यासोबत मीटिंगला जाणं. त्याचं मूल्यमापन किती माल काढला एवढ्यावर करू नका, त्याच्या हाताखाली किती जणांचे वर्तुळाचे भाग वाढले हे पण मोजा. तरीही जमलं नाही तर त्याला दुसरी जबाबदारी द्या. फक्त तो जुना आहे म्हणून वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं तर बाकीचे वीस जण तुमच्या तक्त्याकडे बघून हसतील.

८. सूचना : पेटी नको, वही ठेवा

सूचना पेटी मला आवडत नाही. कुलूप गंजतं आणि आत बिस्किटाचे कागद निघतात. उघडी वही ठेवा, सूचना, नाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात "काय केलं". आठ दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का, हे लिहायचंच. छोट्या सूचनेला मंजुरी पण नको, ज्याने सुचवलं त्यानेच करावं, सामान लागेल ते तक्त्यातल्या मर्यादेतून आणावं.

बक्षीस लहान आणि लगेच. एकालाच "महिन्याचा उत्तम कामगार" करून फोटो लावायचा प्रकार टाळा, बाकी सगळ्यांना वाटतं शेठच्या गावचा आहे म्हणून मिळालं. आणि सूचनेमुळे काम सोपं झालं म्हणून माणूस कमी करू नका, एकदा असं झालं की त्या शॉपमध्ये नंतर कोणी तोंड उघडत नाही.

९. वीज, हवा, कुलंट, कचरा : हे कामगारांच्याच ताब्यात द्या

पर्यावरण म्हटलं की आपण झाडं लावून फोटो काढतो. शॉपमध्ये पैसे आणि वीज जिथे वाया जाते ती जागा मालकाला केबिनमधून दिसत नाही, ती मशीनवरच्या माणसाला ऐकू येते.

हवेपासून सुरू करा. कंप्रेसरच्या ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल तर कंप्रेसरची साधारण ३ किलोवॅट वीज त्यातून उडून जाते. रोज २० तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० युनिट, आणि युनिटला ९ रुपये धरा, १३,५०० रुपये महिन्याला, फुस्स आवाजाचे. तपासायचं सोपं आहे: जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद, हवा कोणीच वापरत नाही, फक्त कंप्रेसर चालू. तो किती सेकंद लोडवर (हवा भरत) चालतो आणि किती सेकंद अनलोड (हवा न भरता) राहतो ते मोबाइलवर मोजा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज. एक मिनिट लोड आणि तीन मिनिटं अनलोड आलं तर पंचवीस टक्के हवा गळतेय. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोघांनी लाइन फिरायची. हे काम ऑपरेटरला द्या, आकडा त्यानेच बोर्डवर लिहायचा, दर महिन्याला. आणि प्रेशर उगाच जास्त ठेवलं असेल तर एक बार कमी करून बघा, त्यानेच ६-७ टक्के वीज वाचते.

कुलंटचं तसंच. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते, शुक्रवारी सकाळी शटर उघडलं की जो कुजका वास येतो तो ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल. टाकीवर तरंगणारं तेल काढलं नाही आणि दिवसभर नुसतं पाणी टाकत राहिलं की हे होतं. प्रत्येक टाकीला एक माणूस, रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने वाचन, सप्लायरने सांगितलेल्या टक्क्यात ठेवायचं, वरचं तेल काढायचं. ज्याच्या हाताला त्या कुलंटने खाज सुटते तोच हे सगळ्यात मनापासून करतो.

वापरलेलं तेल आणि तेलकट चिंध्या धोकादायक कचऱ्यात मोडतात, त्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी असलेल्यालाच द्यायच्या आणि पावती जपायची. वाचलेल्या विजेच्या पैशातला काही भाग दर तिमाहीला सगळ्यांना सारखा वाटा, हेल्परला आणि सेटरला सारखाच.

१०. समित्या आणि सरकारी योजना

२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते, मालकाकडून आणि कामगारांकडून सारखेच सदस्य, जास्तीत जास्त १०. एकूण १० किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती पण, तिची अध्यक्ष महिला आणि एक सदस्य बाहेरची. ह्या दोन्ही नुसत्या फाइलमध्ये ठेवू नका. इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला बायका असतात, त्यांना धड टॉयलेट आणि कपडे बदलायला जागा आहे का हे आधी बघा, समितीचा बोर्ड नंतर लावा.

पैशाची मदत पाहिजे तर उद्यम नोंदणीवर दोन गोष्टी करता येतात. झेड (ZED, क्वालिटीचं सरकारी) सर्टिफिकेशनमध्ये ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत, सूक्ष्म उद्योगाला फीवर ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के सूट. दुसरी लीन योजना (कामातली नासाडी कमी करायची), त्यात सल्लागाराचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. सल्लागार आला की एकच अट घाला, तो दिवसातला बराच वेळ शॉप फ्लोअरवर घालवणार, केबिनमध्ये बसून फॉर्म भरून देणारा नको.

ह्याच्यातच कस्टमरच्या पैशाचा विषय येतो. सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदणी असेल तर कायद्याप्रमाणे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं. नाही मिळालं तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, कितीजण मोठ्या कस्टमरविरुद्ध करतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणून दोन महिन्यांचा पगार निघेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लागा, हळूहळू का होईना. कस्टमरने पैसे लांबवले म्हणून कामगाराचा पगार लांबला की पायरी १ वर परत.

११. दोन दिवस गायब होऊन बघा

दोन-तीन महिने तक्ता चालला की एखादा सोमवार निवडा, गुरुवारच्या सुट्टीला जोडून नको, सोमवार-मंगळवार सलग. आधी सांगून जा. फोन फक्त तीन कारणांसाठी: कोणाला इजा झाली, आग-शॉर्ट सर्किट, किंवा आपल्यामुळे कस्टमरची लाइन थांबणार असेल तर. व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला फोटो मागवत बसलात तर ते गायब होणं नाही.

परत आल्यावर पहिल्यांदा मशीन थांबवल्याचं रजिस्टर वाचा, मग लाल बिन, मग सुपरवायझरशी बोला, ह्याच क्रमाने. कोणता निर्णय अडकला, कशासाठी लोक थांबून राहिले ते विचारा आणि त्यासाठी तक्त्यात नवीन ओळ टाका. आणि त्या दोन दिवसांत मोठ्या शेठना पण कुठेतरी देवदर्शनाला घेऊन जा, नाहीतर सगळे त्यांनाच विचारत बसतील.